घशापासून झडपेपर्यंत

(उज्जैनच्या टावर चौक परिसरात झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यान म्हणजे कुणाच्या तरी ऋणाची चारचौघांत केलेली नोंद. आज ती नोंद मी डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नावाने करतो. १७ जुलै २०२४ रोजी ते गेले. जन्म केरळातल्या मावेलिक्करा इथला, कर्मभूमी तिरुवनंतपुरम. माळव्याच्या या गावात त्यांचे नाव फारसे कुणाच्या कानावर नसेल. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली हृदयाची झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांच्या छातीत बसली आहे. सरकारी इस्पितळात ‘व्हॉल्व्ह बदलून’ आलेला माणूस तुमच्या नात्यात असेल, तर ती झडप त्यांचीच असण्याचा संभव बराच आहे.

त्या झडपेची हकीकत मी सांगणार आहे. पण आजचे माझे मुख्य म्हणणे तिच्या अलीकडचे आहे. आपल्या देशात तरुण माणसाची झडप बहुतेक वेळा शाळेच्या वयात बिघडू लागते, आणि सुरुवात घशाच्या दुखण्यातून होते. शस्त्रक्रियेची वेळ येते ती त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. एवढा मोठा अवधी आपल्या हातात असतो आणि आपण तो वाया घालवतो. हे थांबले पाहिजे, एवढेच सांगायला मी आज उभा आहे.

झडप काय करते

हृदयाचे कप्पे चार आणि झडपाही चार : उजवीकडे ट्रायकस्पिड आणि पल्मनरी, डावीकडे मायट्रल आणि एओर्टिक. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. शेतातल्या विहिरीवर मोटर बसवताना पाइपाच्या तळाला आपण फुटवॉल्व्ह लावतो. तो गळू लागला की पाणी विहिरीत परत उतरते, आणि त्याचे तोंड गाळाने बुजले तर मोटर घरघरत राहते, पाणी वर येत नाही. झडपेच्या बिघाडाचेही हेच दोन प्रकार. झडप आकसून अरुंद झाली तर ‘स्टेनोसिस’, नीट मिटेनाशी झाली तर ‘रिगर्जिटेशन’, म्हणजे गळती. एकाच झडपेत दोन्ही दोष असलेले रुग्णही पुष्कळ असतात.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाख ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला ही पातळ पडदी उघडते आणि मिटते. इतके काम करणारी वस्तू नैसर्गिकरीत्या सत्तर-ऐंशी वर्षे टिकते. मग आपल्याकडे ती विसाव्या-पंचविसाव्या वर्षी का निकामी होते?

घसा, सांधे आणि हृदय

‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस’ नावाच्या जंतूमुळे मुलांचा घसा धरतो. पाच ते पंधरा या वयात हे जास्त घडते. बहुतेक मुले चार-पाच दिवसांत बरी होतात. थोड्या मुलांत मात्र जंतूशी लढायला शरीराने उभी केलेली फौज जंतू आणि स्वतःचे ऊतक यांत गफलत करते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर, मग मनगट. हा ऱ्हुमॅटिक फीव्हर. काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात, हातातून पेला पडतो, अक्षर बिघडते. वर्गात त्या मुलाला धांदरट म्हणून बोलणी बसतात. खरे तर तेही याच आजाराचे एक लक्षण असते.

सांध्यांची सूज पूर्ण उतरते, आणि फसगत होते ती इथेच. मूल पुन्हा खेळायला लागते, घरचे निश्चिंत होतात. पण त्याच काळात हृदयाच्या झडपांना सूज आलेली असू शकते, आणि घसा पुन्हा धरला की ती पुन्हा येते. प्रत्येक हल्ल्यागणिक झडपेच्या कडा जाड होतात, एकमेकींना चिकटतात. निरोगी मायट्रल झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली आले की आजार तीव्र समजतात. एकाच्या खाली गेले की माणसाला जिना चढवत नाही, उशा लावल्याशिवाय झोप येत नाही.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मायट्रल स्टेनोसिस हा मध्यमवयाचा आजार म्हणून लिहिलेला असे. आपल्याकडे विशीच्या आतली मुले हे तीव्र दुखणे घेऊन येतात, हे दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे मांडले. दाटीची घरे, एका खोलीत झोपणारी पाच-सहा माणसे, घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष, हे त्यामागचे वास्तव. डेन्मार्कसारख्या देशात पेनिसिलिन यायच्या आधीच हा आजार ओसरू लागला होता, कारण तिथली घरे सुधारली आणि दाटी कमी झाली. २०१५ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३ कोटी ३४ लाख लोक ऱ्हुमॅटिक हृदयविकार घेऊन जगत होते आणि त्या एका वर्षात सुमारे ३ लाख १९ हजार जण त्याने दगावले. त्यातला फार मोठा वाटा भारताचा आहे.

आणि रुग्णांत बायकांची संख्या जास्त आहे. लग्न होऊन आलेली मुलगी पाण्याची कळशी आणताना दमते, रात्री उठून बसते. घरात म्हणतात, अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या दे. थुंकीतून रक्त पडले तर क्षयाचे औषध सुरू होते. मग दिवस राहतात. गरोदरपणात शरीरातले रक्त तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसात पाणी साठते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती इस्पितळात पोहोचते तेव्हा एकाच वेळी दोन जीव पणाला लागलेले असतात. एक साधा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिच्या लग्नाआधी किंवा पहिल्या धापेच्या वेळी झाला असता, तर यातले बरेच टळले असते.

बोट, फुगा आणि पोलाद

या झडपेला हात घालण्याचे धाडस माणसाने शंभर वर्षांपूर्वी केले. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सुटर या शल्यविशारदाने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून मायट्रल झडप मोकळी केली. मुलगी वाचली. तरीही त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी त्यांच्याकडे कुणी दुसरा रुग्ण पाठवला नाही, कारण हृदयाला शस्त्र लावू नये हा त्या काळच्या वैद्यकाचा ठाम समज होता. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी तीच वाट पुन्हा उघडली. पुढे चारेक वर्षांत ही शस्त्रक्रिया भारतात आली : वेल्लोरला डॉ. रीव्ह बेट्स आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण करणारे सेन ते हेच. कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय, केवळ बोटाच्या स्पर्शाने होणाऱ्या या शस्त्रक्रियेने पुढे अनेक वर्षे आपल्या देशातल्या असंख्य गरीब रुग्णांना आयुष्य दिले.

त्यानंतरचा टप्पा फुग्याचा. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, टोकाचा फुगा झडपेत फुगवून चिकटलेल्या कडा सोडवायच्या. जपानचे कांजी इनोऊए यांनी आपली पद्धत १९८४ साली प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये अमेरिकेचे जेम्स लॉक यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशाच उपचाराचा निबंध लिहिला, त्यात त्यांच्यासोबत नावे होती दिल्लीचे डॉ. खलीलुल्लाह, डॉ. श्रीवास्तव आणि डॉ. बहल यांची. भारतातल्या गरीब घरांतली मुले आणि तरुण यांच्यावर भारतीय डॉक्टरांच्या सहभागाने झालेले ते काम जगासाठी पायंडा ठरले. आज झडप लवचिक असेल, चुना साठलेला नसेल आणि गळती फार नसेल, तर फुग्याचा उपचार हाच पहिला पर्याय. छाती फाडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत माणूस घरी जातो. गरोदर बाईलाही तो देता येतो.

पण ज्यांची झडप दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, त्यांचे काय? १९६० साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि निवृत्त अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप मायट्रलच्या जागी यशस्वीपणे बसवली. त्यानंतर तिरप्या चकतीच्या आणि दोन पाकळ्यांच्या झडपा आल्या. सत्तरच्या दशकात भारतात यातली प्रत्येक झडप परदेशातून येत असे आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. शस्त्रक्रियेचे कसब होते, रुग्ण होते, झडप नव्हती.

इथे वलियाथन उभे राहतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे पहिले संचालक म्हणून त्यांनी ठरवले की ही झडप आपण इथेच बनवायची. शल्यविशारद, अभियंते, धातुतज्ज्ञ आणि पशुवैद्य एका छताखाली आले. अभियंता जी. एस. भुवनेश्वर त्या गटाचा कणा होते. पहिला नमुना फसला, दुसरा फसला, तिसऱ्यात नीलमाची चकती वापरून पाहिली तीही टिकली नाही. चौथ्यात कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तिरपी चकती आणि पॉलिएस्टरची शिवणकडी अशी जुळणी बसली. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून, मेंढ्यांत बसवून तपासणी झाली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन हाती घेतले आणि टीटीके-चित्रा या नावाने आयात झडपेपेक्षा पुष्कळ कमी किमतीत ती देशभर पोहोचली.

दशकभराच्या अपयशानंतरही जे लोक प्रयोगशाळेचा दिवा विझवत नाहीत, त्यांच्यामुळे देश स्वावलंबी होतो. आपल्या तरुण अभियंत्यांनी ही गोष्ट पाठ करावी अशी आहे.

झडप बसल्यानंतरचे आयुष्य

नवी झडप बसली की आजार संपला, असा समज सर्रास आढळतो. खरे तर तिथून एक वेगळी शिस्त सुरू होते. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका जन्मभर राहतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम, रोज घ्यावी लागते आणि दर महिन्याला रक्त किती पातळ आहे ते सांगणारा पीटी-आयएनआर तपासावा लागतो. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर हा आकडा साधारण अडीच ते साडेतीन असावा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. गोळी संपली म्हणून चार दिवस राहू दिली, लग्नाला गावी गेलो म्हणून चुकली, अशा लहान चुकांनी अडकलेली झडप घेऊन रुग्ण येतात. धातूच्या झडपेची टिकटिक घरातल्यांनाही शांत रात्री ऐकू येते. ती अचानक मंद झाली किंवा थांबली आणि धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे.

मेथी, पालक, चाकवत खायची की नाही, हे प्रत्येक जण विचारतो. खायची, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. एकदम भरपूर किंवा एकदम बंद, असे करायचे नाही. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी प्रतिजैविक किंवा वेदनाशामक सुरू केले की आयएनआर पुन्हा तपासायचा. दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस घ्यायचा, आणि एरवीही दातांची निगा राखायची. तोंडातले जंतू झडपेवर बसले तर होणारा संसर्ग जीवघेणा असतो.

प्राण्यांच्या ऊतकापासून बनवलेल्या झडपेला ही जन्मभराची गोळी सहसा लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुणांत लवकर. मूल होऊ द्यायचे असलेल्या तरुणीसाठी हा निर्णय फार अवघड असतो, कारण वॉर्फरिन गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत गर्भाला अपाय करू शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधी तिच्याशी, तिच्या आईशी, सासूशी बसून बोलायला हवे. शक्य तिथे झडप दुरुस्तच करायची, बदलायची नाही, हा फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी घालून दिलेला धडा अशा वेळी सगळ्यात मोलाचा ठरतो.

ठोका अनियमित झालेल्या ऱ्हुमॅटिक रुग्णांना नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या द्याव्यात का, याचा मोठा अभ्यास २०२२ साली ‘इन्व्हिक्टस’ नावाने प्रसिद्ध झाला. चोवीस देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांत जुन्या वॉर्फरिन वर्गातल्या औषधांवर असलेल्यांचे मृत्यू कमी झाले. नवे ते चांगलेच, असे धरून चालू नका. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नका.

वडीलधाऱ्यांबद्दल थोडे. वयाबरोबर एओर्टिक झडपेवर चुना साठतो. चालताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, धाप लागणे या खुणा ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे आलँ क्रिबिए यांनी नळीतून घडी घातलेली झडप आत नेऊन बसवली. त्याला टॅव्ही म्हणतात. ज्यांना उघडी शस्त्रक्रिया सोसत नव्हती अशांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात, केवळ औषधांवर असलेल्यांपैकी निम्मे लोक वर्षभरात दगावले, तर टॅव्ही झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. आता आपल्या शेजारच्या गुजरातेत, वापीमध्ये, अशी झडप बनते. वलियाथन यांच्या वाटेवरचे ते पुढचे पाऊल आहे.

आपण काय करायचे

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे. एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले, तर पुढचे हल्ले टळतात आणि झडप वाचते. मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, लहानांना निम्मे. झडपेला इजा झाली असेल तर हे किमान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यातले जे नंतर येईल तोवर चालू ठेवायचे. औषध जुने आहे, स्वस्त आहे. पण इंजेक्शन दुखते, ॲलर्जीची भीती असते, म्हणून कित्येक दवाखान्यांत ते द्यायला नकार मिळतो. गंभीर ॲलर्जी फार विरळा होते, आणि तयारी असेल तर तिच्यावर उपाय आहे. ज्यांचे हृदय आधीच फार कमकुवत झाले आहे त्यांच्यासाठी गोळीचा पर्याय निवडावा, असा सल्ला आता दिला जातो; तो निर्णय डॉक्टरांचा. बाकीच्यांना इंजेक्शन नाकारणे म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवणेच आहे.

हे काम करता येते याचे पुरावे आहेत. क्यूबातल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत शिक्षक, पालक आणि डॉक्टर यांना शिकवून, रुग्णांची नोंदवही ठेवून शाळकरी मुलांतला ऱ्हुमॅटिक हृदयविकार दर हजारी दोनाच्या वरून पावच्या आसपास आणला गेला. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांत स्टेथोस्कोपपेक्षा इकोने सुमारे दहापट मुले सापडली. युगांडात अशा लक्षणे नसलेल्या ८१८ मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला : इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के.

आपल्याकडे यंत्रणा नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला, आणि शाळेत तपासायच्या आजारांत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. आयुष्मान भारत योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांची सोय आहे. इंदूर इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. उणीव आहे ती मूल, शाळा आणि दवाखाना यांना जोडणाऱ्या दुव्याची, आणि तो दुवा सरकार एकटे बनवू शकत नाही.

म्हणून इथे जमलेल्यांकडे माझे मागणे आहे. शिक्षकांनो, ताप आणि घसा धरलेले मूल, किंवा एक सांधा सोडून दुसऱ्या सांध्यात सूज येणारे मूल दिसले तर त्याच दिवशी पालकांना बोलवा. आयांनो आणि आज्यांनो, घरातली सून जिन्यावर थांबत असेल तर तिला एकदा इको करायला न्या. इथल्या फ्रीगंज भागातल्या डॉक्टर मित्रांनो, आपल्या दवाखान्यात पेनिसिलिन आणि त्यासोबत ॲलर्जीवर उपाय म्हणून ॲड्रेनलिनची कुपी ठेवा, आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलाला इंजेक्शन दिल्याशिवाय परत पाठवू नका. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये प्रत्येक एकविसाव्या दिवसावर खूण करून ठेवावी. आणि आपल्या मराठी समाजाच्या संस्थांनी वर्षातून एकदा, गणेशोत्सवातल्या दहा दिवसांपैकी एक दिवस, जवळच्या शाळांतल्या मुलांच्या इको तपासणीला द्यावा.

वलियाथन यांनी झडप स्वस्त केली. ती लागूच नये अशी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे. उद्या सकाळी शाळेत, दवाखान्यात किंवा घरी, यातले एक तरी काम सुरू करा.